‘समजलं?’ – ‘हो.’

आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा जे खोटं बोलले असेन, ते एकाच अक्षराचं आहे. हो.

वर्गात पुढून कुणीतरी विचारायचं, ‘समजलं?’ आणि चाळीस-पन्नास गळ्यांतून एकदम, चालीवर निघायचं, ‘होऽऽऽ’. त्या होकारात माझाही आवाज असायचा आणि बऱ्यापैकी मोठा असायचा. ज्या दिवशी काहीच कळलेलं नसायचं त्या दिवशी तर जरा जास्तच मोठा.

यातला पहिला आठवणारा ‘हो’ अपूर्णांकांच्या भागाकाराचा. गुणाकार जमला होता. अंशाला अंश, छेदाला छेद, सरळ कारभार. मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर एकद्वितीयांश भागिले एकचतुर्थांश असं लिहिलं. म्हणाल्या, भागाकाराच्या चिन्हाचं गुणाकाराचं चिन्ह करायचं, पुढचा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. उत्तर २.

माझं डोकं तिथंच अडकलं. भागल्यावर संख्या लहान होते ना? मग अर्ध्याला भागून दोन कसे आले? उलटा का करायचा? आणि दुसराच का, पहिल्यानं काय पुण्य केलंय? एवढे प्रश्न एका क्षणात डोक्यात आले याचं आज मला कौतुक वाटतं. तेव्हा मात्र भीती वाटली. शेजारची मुलगी भराभर उतरवून घेत होती. पुढच्या बाकावरच्यांनी माना हलवल्या. बाई वळल्या, हातावरची खडूची पूड झटकली आणि विचारलं, ‘समजलं?’

होऽऽऽ.

गंमत म्हणजे त्या ‘हो’चं काहीच वाईट झालं नाही. निदान पुढची पाच-सहा वर्षं तरी. उलटा करून गुणलं की उत्तर बरोबर यायचं आणि बरोबर उत्तराला कुणी कारण विचारत नाही. त्या धड्यावरच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी मिळाले. अडचण पुढे आली. वेग आला, घनता आली, दर आले. हे सगळे मुळात भागाकारच. पण मला भागाकार म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, फक्त तो कसा करायचा ते माहीत होतं. अर्ध्या सेकंदात तीन मीटर, तर सेकंदात सहा, हे कुठल्याही पळणाऱ्या पोराला कळतं. मी मात्र तीन भागिले एकद्वितीयांश मांडायचे, उलटा करायचे, गुणायचे आणि सहा आले की दर वेळी मला थोडं नवल वाटायचं. जादूगाराच्या टोपीतून ससा निघाल्यावर खुद्द जादूगारालाच आश्चर्य वाटावं, तसं काहीतरी.

शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या अडचणींबद्दल बोलायला लागलं की यादी तयारच असते. परीक्षेची भीती, वेळेचं नियोजन, मोबाइल, पालकांच्या अपेक्षा, स्पर्धा, एकटेपणा. यादीत चुकीचं काही नाही. व्याख्यानं तिच्यावरच चालतात. पण मी स्वतःच्या विद्यार्थीपणाचा हिशोब मांडायला बसते तेव्हा मला त्या यादीतल्या निम्म्याहून अधिक गोष्टींच्या तळाशी हा बारका ‘हो’ पडलेला सापडतो. परीक्षेची भीती म्हणजे तरी काय? इतके दिवस साठवलेले ‘हो’ आता कुणीतरी वटवायला मागणार, ही भीती.

पण मूल ‘हो’ का म्हणतं? भित्रं असतं म्हणून, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग एका संशोधनाबद्दल वाचलं आणि माझा स्वतःवरचा राग थोडा कमी झाला. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ होत्या. वर्गात शिक्षक आणि मुलं काय बोलतात याच्या ध्वनिफिती त्यांनी मोठ्या संख्येनं ऐकल्या आणि शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर किती वेळ शांतता राहते ते मोजलं. १९७० च्या दशकातली गोष्ट. सरासरी निघाली जेमतेम एक सेकंद. प्रश्न विचारून एका सेकंदात उत्तर आलं नाही, तर शिक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. करून बघा. ‘समजलं?’ म्हणा आणि मनात ‘एक’ म्हणा. झाला वेळ संपून. एवढ्या वेळात ‘हो’ सोडून दुसरं काय तोंडातून निघणार? ‘नाही’ म्हणायचं तर आधी काय समजलं नाही ते शोधावं लागतं, त्याची वाक्यं जुळवावी लागतात, धीर गोळा करावा लागतो. ‘हो’ला यातलं काही लागत नाही.

रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबायला लावलं. फक्त एवढंच. मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, कधी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. याच संशोधनात एक बोचरी गोष्टही आहे: शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबतात आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळेची जास्त गरज त्याच्या वाट्याला कमी वेळ. यात दुष्टपणा नाही. उत्तर येणारच नाही असं वाटलं की शांतता अवघड होते आणि आपण ती भरून टाकतो. मी स्वतः पुढे हेच केलं, त्यामुळे मला बोट दाखवायची सोय नाही.

दुसरं कारण शेजारच्या बाकावर असतं. ती भराभर उतरवून घेणारी मुलगी मला आठवते. तिला सगळं कळलंय असं मी धरून चालले होते. कशावरून? ती गप्प होती यावरून. आणि तिला माझ्याबद्दल काय वाटत असेल? मीही गप्पच होते की! डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये नेमकं हे पकडलं. त्यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम अगम्य असा एक लेख वाचायला दिला आणि फारच अडचण आली तर येऊन विचारा, असं सांगितलं. विचारायला कुणी गेलं नाही. आपण का नाही विचारलं? तर लाज वाटली म्हणून. आणि बाकीच्यांनी का नाही विचारलं? तर त्यांना समजलं असेल म्हणून. प्रत्येकाचा तोच हिशोब. मला ते वाचताना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. चाळीस मुलांचा वर्ग, त्यातल्या तीस जणांना काही कळलेलं नाही आणि तीसच्या तीस जण स्वतःला एकटे समजतायत.

(हल्ली वर्गाचे मोबाइलवर गट असतात, तिथं तरी विचारतील असं मला वाटायचं. तिथलं संभाषण एकदा एका विद्यार्थ्यानं दाखवलं. रात्री अकराला एकानं लिहिलं होतं, ‘चौथं प्रकरण कुणाला कळलंय का?’ खाली सात हसरे चेहरे आणि एक ‘तुला नाही कळलं??’. विचारणाऱ्यानं दोन मिनिटांत संदेश पुसून टाकला होता.)

मी तीन वर्षं एका कॉलेजात शिकवलं. पहिल्या तासाची तयारी मी आठवडाभर केली होती. शिकवून झालं आणि मी अगदी बाईंसारखं विचारलं, ‘काही शंका?’ कुणी हात वर केला नाही. मला किती हायसं वाटलं! त्या हायसं वाटण्याचाच मी पुढे बराच विचार केला. शंका नाहीत याचा आनंद कशाला व्हावा? तर ‘समजलं?’ विचारणाऱ्यालाही ‘नाही’ नको असतं. वेळ कमी, धडे जास्त, तास संपत आलेला. ‘समजलं?’ हा खरं म्हणजे पूर्णविराम असतो, नुसतं चिन्ह प्रश्नाचं.

त्यात शिकवणाऱ्याची आणखी एक पंचाईत असते आणि ती त्याला दिसतच नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला होता. एकानं सर्वांच्या माहितीतल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, समोरचा किती वेळा ओळखेल? ते म्हणाले, निम्म्या वेळा तरी. १२० गाणी वाजवली गेली, ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं वाजत असतं, शब्दांसकट. समोरच्याला ऐकू येते नुसती टकटक. हे वाचल्यावर मला बाईंचा फळा आठवला. बाईंच्या डोक्यात अपूर्णांकांचं आख्खं गाणं वाजत असणार. आमच्यापर्यंत पोचली ती खडूची टकटक.

मीही तीन वर्षं टकटकच केली असणार. तपासलेल्या उत्तरपत्रिका त्याची साक्ष देत होत्या. माझीच वाक्यं, माझेच शब्द, मी घाईत केलेली एक चूकसुद्धा जशीच्या तशी, साठांपैकी बावीस पेपरांत.

पण मी सांगता सांगता पुढे गेले. मधल्या काळात मी स्वतः कॉलेजात विद्यार्थिनी होते आणि तिथं ‘हो’चं रूप पालटलं. शाळेत निदान विचारायचे तरी. कॉलेजात विचारणंही बंद झालं. सर आले, बोलले, गेले. शंभरेक जणांचा वर्ग, कुणाला कुणाचं नाव माहीत नाही. शाळेतून प्रत्येक जण ‘हुशार’ हे बिरुद घेऊन आलेला आणि पहिल्याच महिन्यात ते बिरुद सगळ्यांकडेच आहे असं लक्षात आलेलं. जिच्या नावावर घरातल्या लहानांना बोलणी बसायची, ती मी, पहिल्या चाचणीत काठावर पास. मला वाटायचं, प्रवेश देताना काहीतरी चूक झाली आहे आणि एक दिवस ऑफिसातून कुणीतरी येऊन सांगेल, तुमचं नाव यादीत चुकून आलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आईम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये याच भावनेवर शोधनिबंध लिहिला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी लिहिलं होतं ते तर मोठं यश मिळवलेल्या स्त्रियांबद्दल. त्यांनाही आपण तोतया आहोत आणि कधीतरी उघडे पडणार, असं वाटत होतं. तोतयाला प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न विचारला की पकडला जाईल ना.

आणि भाषा. याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांना ते फार किरकोळ वाटतं. एका भाषेत शाळा आणि दुसऱ्या भाषेत कॉलेज, असं जगात असंख्य मुलांचं होतं. बाहेरच्यांना वाटतं, शब्द नवे असतात, पाठ केले की झालं. शब्दांचं काही नाही हो. संज्ञा तर दोन महिन्यांत येतात. अवघड असतं ते ‘पण मग’, ‘असं असेल तर’, ‘तुम्ही मघाशी म्हणालात त्याच्या उलट’ हे असलं. प्रश्न या बारीक शब्दांनीच तयार होतो. माझा प्रश्न आधी घरच्या भाषेत उगवायचा. मग मी त्याचं मनात भाषांतर करायचे, क्रियापद तपासायचे, एकदा म्हणून बघायचे, छातीत धडधडायचं, आणि हात वर करायच्या बेताला यायचे तोवर सर दोन पानं पुढे गेलेले असायचे. रो यांचा तो एक सेकंद आठवा. स्वतःच्या भाषेत विचार करणाऱ्यालाच तो पुरत नाही.

शेजारी बसणाऱ्या एका मुलाची युक्ती मला आवडायची. तो वहीच्या शेवटच्या पानावर नुसती प्रश्नचिन्हं काढून ठेवायचा, समोर वेळ लिहून. ‘१०.२०?’ ‘१०.४५??’ प्रश्न मांडता येत नसला तरी तो कुठं पडला एवढं त्याला माहीत असायचं. संध्याकाळी तो ती प्रश्नचिन्हं घेऊन कुणाला तरी गाठायचा. मी माझी प्रश्नचिन्हं काढलीच नाहीत. मी सुंदर अक्षरात वही पूर्ण केली.

वही पूर्ण असणं ही फार फसवी गोष्ट आहे. मी ती घरी जाऊन वाचायचे. पुन्हा वाचायचे. रंगीत पेनानं खुणा करायचे. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटायचं आणि मी स्वतःला विचारायचे, समजलं? आणि स्वतःलाच उत्तर द्यायचे, हो. म्हणजे वर्ग सुटला, बाई गेल्या, शेजारीण गेली, तरी होकार काही सुटला नाही. आता फसवायला कुणी नव्हतं तर मी मलाच फसवत होते.

हे फसणं किती मोठं असतं ते रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. काहींनी दुसऱ्यांदा न वाचता, कागद मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ७५. पण आठवड्यानं दुसऱ्या मुलांची तीच परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणारे ४२ वर आले आणि लिहून काढणारे ५६ वर राहिले. त्याच निबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात, नुसतं वाचत राहणाऱ्यांना आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असा विश्वास सर्वांत जास्त होता. हे आकडे मी कुणाही मुलाला सांगते तेव्हा तो म्हणतो, पण पुस्तक मिटून लिहायला बसलं की काही आठवतच नाही, फार वाईट वाटतं. बरोबर आहे. ते वाईट वाटणं म्हणजेच ‘नाही समजलं’. पुस्तक उघडं असताना ते म्हणावं लागत नाही, एवढाच काय तो उघड्या पुस्तकाचा फायदा.

चालढकलीचंही मला असंच वाटतं. अभ्यासाला बसायच्या आधी टेबल आवरणं, पेन्सिलींना टोक करणं, वेळापत्रक आखणं आणि ते चुकल्यावर नवं आखणं, हे मी इतकं केलंय की त्या काळातलं माझं टेबल घरात सर्वांत स्वच्छ होतं. घरचे म्हणायचे आळशी. आळशी माणूस टेबल कशाला आवरेल? पुस्तक उघडलं की आत चार महिन्यांपूर्वीचा एखादा ‘हो’ दबा धरून बसलेला असायचा, त्याला भेटायचं नसायचं. चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन न जमणं, असं आपण समजतो. फ्युशिया सिरोय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं की ती मुळात आत्ताच्या वाईट वाटण्यापासून सुटका करून घेण्याची धडपड असते. मग वेळापत्रकानं ती कशी जाणार? मोबाइलचंही तेच. तो सुटका इतकी स्वस्त आणि इतकी जवळ आणून ठेवतो की टेबल आवरायचेसुद्धा कष्ट नकोत. मोबाइलवर याहून जास्त मला बोलायचं नाही, ते बोलणारे पुष्कळ आहेत.

झोपेबद्दल मात्र एक सांगते, कारण तिथंही ‘आळशी’ हाच शिक्का बसतो. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही आणि सकाळी सहाला जाग येत नाही, यात त्याचा स्वभाव कमी आणि शरीर जास्त. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नका. आपण मोठी माणसं सांगतो, लवकर निजे लवकर उठे. आणि ते सांगताना आपलं स्वतःचं चौदावं वर्ष साफ विसरलेलो असतो.

आता एक अशी गोष्ट, जिच्याबद्दल मला संशोधन माहीत नाही आणि शोधायचंही नाही.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहायची. हसरी, नीटनेटकी. आमचं रोजचं बोलणं ठरलेलं. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘हो, चाललाय.’ ‘बरी आहेस ना?’ ‘हो गं.’ एका सुट्टीनंतर तिची खोली रिकामी दिसली. गादी गुंडाळून ठेवलेली, भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे. नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले होते, ते घरी सांगितलं नव्हतं. फी थकली होती, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. तासांना तर ती दोन महिन्यांपासून येत नव्हती आणि वेगवेगळे विषय असल्यानं आमच्यातल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. रोज सकाळी मात्र ती वेणी घालून, पिशवी खांद्याला लावून आमच्याबरोबर बाहेर पडायची.

मी तिला रोज विचारत होते. हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगून समाधान करून घ्यायचे, की मी विचारलं होतं. पण कसं विचारलं होतं? जिन्यात, पायात चपला सरकवताना, माझ्या तासाला उशीर होत असताना. ‘बरी आहेस ना?’ त्या ‘ना’मध्येच उत्तर होतं. मी फक्त तिला ते वाचून दाखवायला सांगत होते.

थकलेली फी, घरातलं आजारपण, शाळा सुटल्यावर कामाला जाणं, या अडचणींना अभ्यासाची कुठलीही युक्ती पुरी पडत नाही, हेही इथं म्हणून ठेवते. पुस्तक मिटून लिहून काढल्यानं फी भरली जात नाही. तिथं मुलानं काय करावं यावर लेख लिहिणं मला पटत नाही. तिथं मोठ्यांनी काय करावं यावर लिहायला हवं. पण मोठ्यांना ते कळायला तरी कुठलंसं ‘नाही’ ऐकू यावं लागतं आणि ते एका सेकंदात येत नाही.

शिकवण्याच्या तिसऱ्या वर्षी मी ‘समजलं?’ बंद केलं. त्याऐवजी चिठ्ठ्या वाटायचे. नाव न घालता, आज सगळ्यात जास्त घोळ कुठं झाला ते एका ओळीत लिहा. पहिल्या दिवशी अर्ध्या चिठ्ठ्या कोऱ्या. एकीवर ‘सगळं समजलं, छान शिकवता मॅडम’. आठवडा गेल्यावर एक आली, ‘पहिल्या दिवसापासून.’ एवढंच. घोळ कुठं झाला? पहिल्या दिवसापासून. ती चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून बसले. कुणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण नंतरच्या तासाला मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. अभ्यासक्रम मागे पडला. वरून विचारणा झाली. तेव्हा मी काय म्हटलं? ‘हो, भरून काढते.’

मागच्या महिन्यात भावाची मुलगी गणिताची वही घेऊन माझ्याकडे आली. सहावीत आहे. ‘आत्या, हा उलटा का करायचा गं?’

इतक्या वर्षांनी तो प्रश्न समोर आला आणि या वेळी मला उत्तर येत होतं. मी कागद घेतला, त्याची मधोमध घडी घातली, म्हटलं, हा अर्धा. मग तसाच दुसरा कागद घेऊन त्याची दोनदा घडी घातली. हा पाव. आता अर्धा भागिले पाव म्हणजे अर्ध्यात असे पाव किती बसतात? तिनं बोट ठेवून मोजले. दोन. अख्ख्या कागदात पाव किती? चार. म्हणजे पावानं भागणं आणि चारानं गुणणं एकच ना? अख्ख्यात चार, तर अर्ध्यात चाराचे निम्मे. म्हणून तो उलटा. मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, ‘समजलं?’

‘हो,’ ती म्हणाली.

तो ‘हो’ मी ओळखला. जरासा जास्त मोठा होता.

मी काही बोलले नाही. तिनं पेन्सिल उचलली, खाली ठेवली. मी मनात मोजत होते. एक. दोन. शांतता अवघड व्हायला लागली, नेहमीसारखी तोंडावर काहीतरी मदत आली, ती मी गिळली. तीन. चार.

‘म्हणजे हे समजलं,’ ती म्हणाली. ‘पण मग पाव भागिले अर्धा केलं तर? पावात अर्धे बसतच नाहीत ना. तो तर मोठा आहे.’

मी कागदाकडे बघितलं. पावाची घडी माझ्या हातात होती, अर्धा टेबलावर पसरलेला. नियमानं उत्तर अर्धा येतं, ते मला लगेच सांगता आलं असतं. पण पावात अर्धा ‘अर्धा’ बसतो म्हणजे नक्की काय, ते बोटानं दाखवायला मला पटकन जमेना.

‘थांब हं,’ मी म्हटलं. ‘मलाही बघू दे.’

ती खुर्ची सरकवून जवळ आली, माझ्या हातातली घडी काढून घेतली आणि अर्ध्यावर ठेवून बघायला लागली.